अर्धकुशल कोण? हातातलं ज्ञान, पुस्तकातलं ज्ञान आणि त्याची किंमत ठरवणारे लोक

डिप्लोमा करून मी भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत लागले तेव्हाची गोष्ट सांगते, कारण हा विषय माझ्या डोक्यात तिथेच घुसला. लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा गोल फिरवून कापायच्या मशीनवर, एक मामा होते, सगळं शॉप त्यांना मामाच म्हणायचं, १९ वर्षं मशीनवर. एका बुशचं, म्हणजे आखूड नळीसारख्या भागाचं, बोअरिंग चालू होतं. बोअरिंग म्हणजे असलेलं भोक आतून कापून मापात आणायचं, त्यासाठी एक लांब दांडा आत घालतात, त्याला बार म्हणतात, आणि बारच्या टोकाला कापणारी टीप असते, कापताना धातूचा जो कीस निघतो तो चिप. तर आतून जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, लहरी उठत होत्या, बोट फिरवलं की खरखरीत लागायचं, आणि जॉब रिजेक्ट होत होते. मला सांगितलं होतं कारण शोध. मी चार्ट काढून स्पीड-फीडचा, म्हणजे जॉब किती वेगाने फिरवायचा आणि टीप किती वेगाने पुढे सरकवायची ह्याचा, हिशोब करत उभी होते. मामा चहा घेऊन आले, मशीनपाशी पोचायच्याही आधी दहा फुटांवरून म्हणाले, "मॅडम, बार लई बाहेर काढलाय, रडतंय ते."

आवाजावरून ओळखलं त्यांनी. आधी एक लांब जॉब झाला होता, त्याचं सेटिंग तसंच राहिलं होतं, हा जॉब आखूड होता तरी बार तेवढाच बाहेर. मामांनी बोल्ट सैल केले, बार चार बोटं आत ढकलला, स्पीड एक पायरी कमी केला आणि मशीन चालू केलं. आवाज एकदम बदलला, मघाशी कण्हल्यासारखा येत होता तो आता सरळ सळसळ असा. जॉब आतून आरशासारखा निघाला.

आता ह्यात मला लागलेली गोष्ट अशी की ह्याच्या मागची थिअरी मला येत होती. एका बाजूला पकडलेला आणि दुसऱ्या बाजूला मोकळा दांडा, टोकाला जोर लावला की तो किती वाकणार हे लांबीच्या घनावर अवलंबून असतं, म्हणजे लांबी दुप्पट तर वाकणं आठपट. एसओएमच्या (स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सच्या) पेपरला मी ते कितीदा काढलंय, आकृतीसकट, पूर्ण मार्कांसकट. पण माझ्या डोळ्यासमोर जो बार होता तो मला कधी "तो" दांडा वाटलाच नाही. माझ्याकडे सूत्र होतं पण ते कुठे लावायचं ते नव्हतं. मामांकडे कुठे हात घालायचा ते होतं, सूत्र नव्हतं.

मग रिपोर्ट लिहायचा होता. कारण काय, उपाय काय, पुढे होऊ नये म्हणून काय. तो मी लिहिला, सही माझी, मीटिंगमध्ये कौतुक माझं झालं. आणि त्याच आठवड्यात पगाराच्या कामासाठी मस्टर माझ्याकडे आलं तर मामांच्या नावापुढे लिहिलं होतं "अर्धकुशल". नववी नापास, आयटीआयचा कागद नाही, म्हणून किमान वेतनाच्या कुशल-अर्धकुशल-अकुशल ह्या तीन खणांतला त्यांचा खण मधला. माझ्या नावापुढे कुशलच्याही वरचं काहीतरी होतं. तो शब्द मी आजतागायत विसरलेले नाही. आता मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवते आणि पोरांना हे सांगायचं तर नीट समजून घ्यायला हवं म्हणून गेली काही वर्षं ह्यावर जे सापडेल ते वाचतेय, ते सगळं इथे जमेल तितक्या सोप्या भाषेत लिहितेय.

पहिली गोष्ट, आपली भाषाच ह्यात फरक करते. आपण म्हणतो "मला माहीत आहे" आणि आपण म्हणतो "मला येतं". पोहण्याची माहिती असणं वेगळं आणि पोहणं येणं वेगळं, हे कुठल्याही मराठी माणसाला सांगावं लागत नाही. आणि "येतं" म्हणताना वाक्य कसं होतं बघा, मी काही करत नाहीये, ते माझ्याकडे येतंय, सवयीने, सहवासाने, हात बसता बसता. गिल्बर्ट राईल नावाच्या इंग्लिश तत्त्वज्ञाने १९४९ च्या पुस्तकात ह्याच फरकावर बरंच लिहिलं, त्याचं म्हणणं असं की नीट काम करणारा माणूस आधी मनात नियम म्हणतो आणि मग हात हलवतो असं नसतं, त्याची हुशारी त्या हात हलवण्यातच असते. पोळी लाटणारी बाई आधी पोळीचा सिद्धांत आठवून मग लाटणं फिरवत नाही.

हे सगळ्यात छान कुठे दिसतं तर आपल्या पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत. ज्यांनी ती आळी पाहिली नसेल त्यांनी एकदा जाच, आधी आवाज येतो, ठक ठक ठक ठक, आणि मग दुकानं दिसतात. पेशवाईत कोकणातून आलेले हे तांबट, बंब, घंगाळ, तपेली, हंडे, सगळं तांब्याच्या पत्र्यातून ठोकून काढायचे. आता मी पोरांना घेऊन गेले होते तेव्हा एक वयस्कर काका काम करत होते, मी अगदी शेजारी बसून पाहिलं. पत्रा ठोकत ठोकत ते वाटीसारखा वळवतात, वळवता वळवता एका ठिकाणी थांबतात, भट्टीत लाल करतात, पाण्यात बुडवतात, परत ठोकायला घेतात. मी विचारलं की काका थांबायचं कधी हे कसं कळतं, तर ते म्हणाले, "वाजतो ना. कडक झाला की पत्रा वेगळा वाजतो, तेव्हा नाही थांबलं तर चिरतो." आणि सगळ्यात शेवटी मठारकाम, गोल डोक्याच्या हातोडीने एकाशेजारी एक सारखे ठोके, ज्याने भांड्यावर ते चमकणारे छोटे छोटे खळगे दिसतात. आपल्याला वाटतं नक्षी. पण मठारल्यानंतर ते भांडं परत भट्टीत घालत नाहीत, कारण त्या शेवटच्या ठोक्यांनीच पातळ पत्र्याला ताठपणा येतो आणि भांडं दबत नाही.

आता तेच पुस्तकातून बघू. धातूच्या आत अणू ओळीने बसलेले असतात, पण ओळी पूर्ण नीट नसतात, मध्येच कुठेतरी एखादी अर्धीच ओळ घुसलेली असते. घरात मोठी सतरंजी सरकवायची असेल तर आपण पूर्ण ओढत नाही, एका टोकाला सुरकुती पाडतो आणि ती सुरकुती ढकलत नेतो, सतरंजी सहज सरकते. धातू वाकतो तो असाच, त्या अर्ध्या ओळीच्या सुरकुत्या सरकतात म्हणून. ठोकत राहिलं की सुरकुत्या वाढतात, एकमेकींत अडकतात, सरकायला जागा राहत नाही, म्हणून तांबं कडक होतं. तापवलं की आत नवे कण तयार होतात, गुंता सुटतो, परत मऊ. (पोलादाचं उलट होऊ शकतं बरं का, लाल करून पाण्यात टाकलं तर ते कडक होतं, तांब्याचं तसं नाही.) काकांनी कानाने जे पकडलं होतं ते हेच.

आणि ह्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आता सांगते. ह्या सुरकुत्यांची कल्पना १९३४ साली तीन जणांनी स्वतंत्रपणे मांडली, टेलर, ओरोवान आणि मायकेल पोलान्यी. ह्यातला पोलान्यी मूळचा हंगेरीचा, रसायनशास्त्रज्ञ, पुढे मँचेस्टरला असताना विज्ञान सोडून तत्त्वज्ञानाकडे वळला आणि उरलेल्या आयुष्यातला बराच काळ त्याने एका प्रश्नावर घालवला, की माणसाला जितकं सांगता येतं त्यापेक्षा जास्त येत असतं ते कसं. त्याला त्याने अव्यक्त ज्ञान अशा अर्थाचं नाव दिलं. त्याचं एक उदाहरण सायकलचं आहे. सायकल एका बाजूला कलली की आपण हँडल त्याच बाजूला किंचित वळवतो, किती वळवायचं हे वेगावर ठरतं, त्याचं गणित मांडता येतं, पण सायकल चालवणाऱ्या कुणालाच ते गणित माहीत नसतं आणि माहीत असलं तरी त्याने सायकल येत नाही. पुण्यात एकेकाळी घरटी सायकल होती, लक्ष्मी रोडवरून दोन पिशव्या अडकवून सायकल काढणारी माणसं होती, त्या सगळ्यांना ते गणित "येत" होतं. म्हणजे तांबं का वाकतं हे ज्याने कागदावर मांडलं तोच माणूस पुढे सांगत राहिला की विज्ञानसुद्धा ह्या न सांगता येणाऱ्या ज्ञानाच्या जोरावरच चालतं, प्रयोगशाळेतला हातसुद्धा गुरूशेजारी उभं राहूनच बसतो.

मग प्रश्न असा की दोन्ही ज्ञान खरी, दोन्ही लागतात, तर एक वर आणि एक खाली हे कुठून आलं? इथे थोडं नीट समजून घ्यावं लागतं. ज्ञानाची किंमत ज्ञानाच्या आत नसते. ती एक गट देतो, आणि त्या गटापुरतीच ती चालते. आमच्या शॉपमध्ये मामांची किंमत काय आहे हे सगळ्यांना माहीत होतं, अवघड जॉब आला की मॅनेजरसुद्धा स्वतः चालत त्यांच्या मशीनपाशी यायचे. त्या गटात मामा एक नंबर. पण ती किंमत कंपनीच्या गेटपर्यंतच होती. गेटबाहेर पडले की त्यांना ओळखणारं कुणी नाही, दुसऱ्या कंपनीत गेले तर परत हेल्पर म्हणून सुरुवात, कारण तिथल्या माणसांनी त्यांना काम करताना पाहिलेलं नाही. माझ्या डिप्लोम्याचं तसं नाही, तो मी फोल्डरमध्ये घालून चाकणला नेला काय किंवा नाशिकला नेला काय, अनोळखी माणूसही तो वाचून मला खुर्ची देतो. सर्टिफिकेटची खरी ताकद ही आहे, ते अनोळखी लोकांमध्ये चालतं. आणि हाताच्या ज्ञानाची अडचण ही आहे की ते पाहिलेल्या माणसांमध्येच चालतं. गल्लीतला टेलर किती चांगला हे गल्लीला माहीत असतं.

म्हणून नुसतं "डिग्रीला काही अर्थ नाही" म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. लाखो अनोळखी लोकांच्या शहरात काहीतरी कागद लागणारच. गडबड तिथे होते जिथे कागद हा ज्ञानाची खूण न राहता ज्ञानच होऊन बसतो. इंजिनीअरिंग केलेल्या प्रत्येकाला जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, माहीत असेल, काचेखाली दिवा लावायचा, वर मित्राची ड्रॉइंगची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि रात्रभर गिरवायचं, सकाळी सबमिशन. शीट पूर्ण, सही मिळाली, मार्क मिळाले, आणि ड्रॉइंग वाचता येत नाही. ती शीट म्हणजे ज्ञान आहे असं कॉलेज, विद्यार्थी, कंपनी सगळ्यांनी मिळून मान्य केलेलं असतं म्हणून ते चालतं.

गटागटाने किंमत कशी बदलते ह्याचा ब्राझीलमधला एक अभ्यास फार प्रसिद्ध आहे, १९८५ चा. रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या पाच मुलांना संशोधकांनी आधी गिऱ्हाईक बनून हिशोब विचारले आणि नंतर तीच गणितं शाळेच्या पद्धतीने कागदावर दिली. गाडीवर त्यांची उत्तरं ९८ टक्के बरोबर आली. कागदावर नुसते आकडे दिले तर ३७ टक्के. बारा वर्षांच्या एका मुलाला गिऱ्हाइकाने विचारलं की एक नारळ ३५ चा, चार कितीला, तर तो पुटपुटला, तीनाचे १०५, त्यात ३०, झाले १३५, एक नारळ ३५ म्हणजे १४०. बरोबर. त्यालाच कागदावर ३५ गुणिले ४ दिलं तर तो म्हणाला चार पाचे वीस, हातचे दोन, दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस, आणि लिहिलं २००. हे वाचताना मला आपली मंडई आठवते, भाजीवाल्या मावशी पाव किलो, दीड पाव, सव्वा किलो असे पाच हिशोब तोंडी लावत असतात आणि त्यांना कुणी विचारलं तर सांगतात, "मला कुठलं गणित येतंय बाळा, मी शाळेत नाही गेले." शाळेने गणित ह्या शब्दावर इतका ताबा घेतलाय की त्यांना स्वतःचं गणित हे गणित वाटत नाही. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान हे आहे. बाकीच्यांनी किंमत दिली नाही इथपर्यंत ठीक, पण माणूस स्वतःच ती देईनासा होतो. "अडाणी" हा शब्द बघा ना, निरक्षर आणि मूर्ख दोन्हीसाठी आपण तोच वापरतो.

आणि आपल्याकडे हे फक्त शाळेमुळे झालेलं नाही, ह्याची मुळं जुनी आहेत. दर गणपतीत आपण म्हणतो चौदा विद्या चौसष्ट कलांचा अधिपती. चौदा विद्या कोणत्या, तर चार वेद, सहा वेदांगं, पुराणं, न्याय, मीमांसा, धर्मशास्त्र. सगळं पाठांतराचं आणि ग्रंथांचं. स्वयंपाक, सुतारकाम, घरबांधणी, धातूची पारख हे कुठे, तर चौसष्ट कलांत. देव एकच पण खातं वेगळं. आणि मोबदलाही वेगळा. पेशवाईत श्रावणात पर्वतीच्या रमण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची आणि गावात सुतार-लोहार-कुंभाराला खळ्यावर बलुतं मिळायचं. दक्षिणा हात जोडून देतात, बलुतं मापून देतात. दोघांकडे ज्ञान होतं, पण एकाचं जन्माने ठरलेल्या वरच्या जातीचं आणि दुसऱ्याचं खालच्या, आणि हे बदलायची मुभा कुणालाच नव्हती. बाईच्या ज्ञानाला तर दक्षिणाही नाही आणि बलुतंही नाही. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी त्याच दक्षिणेच्या पैशातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली, जिचं पुढे डेक्कन कॉलेज झालं, आणि मग १८५० च्या आसपास पुण्यातल्या सुधारकांनी मागणी लावून धरली की ह्यातला काही पैसा मराठीत उपयोगी पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्या. भांडण पैशाचं दिसतं पण खरा प्रश्न हाच होता, की कुठल्या ज्ञानाला मान द्यायचा.

ह्या बाबतीत मला जोतीराव फुल्यांचं फार वाटतं. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते बांधकामाची कंत्राटंही घ्यायचे, मजूर, माल, मोजमाप हे सगळं त्यांनी जवळून पाहिलेलं होतं. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन दिलं त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावं ह्याची यादी आहे. मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशोब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे धडे. म्हणजे शेतकऱ्याच्या पोराला शेतीच शिकवा आणि अक्षर नको असं ते म्हणत नाहीत, आणि नुसतं अक्षर द्या असंही म्हणत नाहीत. अक्षराशिवाय सावकाराचा कागद वाचता येणार नाही आणि शेतीशिवाय शाळा त्या पोराची होणार नाही, मी तरी त्या यादीचा अर्थ असा लावते. दोन्ही ज्ञानं एका पाटीवर आणायचा तो प्रयत्न होता.

संस्थासुद्धा जागा बदलतात. आज सीओईपी, पुण्याचं जुनं इंजिनीअरिंग कॉलेज, म्हटलं की टॉपर लोकांची जागा. १८५४ मध्ये ते सुरू झालं तेव्हा त्याचं काम होतं रस्ते, पूल, कालवे अशा सरकारी बांधकामांवर हाताखालचे अंमलदार तयार करणं, नावातच मेकॅनिकल स्कूल होतं. तेव्हा पुण्यात मान होता तो शास्त्र्यांना. पुढे विद्यापीठाशी जोडलं गेलं, परीक्षा आल्या, पदवी आली, आणि जे हाताचं होतं ते हळूहळू डोक्याचं म्हणून ओळखलं जाऊ लागलं. कालवा तोच, मान बदलला.

पण हाताच्या ज्ञानाचं उगाच देव्हाऱ्यात बसवून कौतुक करणंही मला पटत नाही. अनुभव चुकतोसुद्धा. बाळंतिणीचं पहिलं पिवळसर दूध, चीक, ते पिळून टाकून द्यायची पद्धत किती घरांत होती, अनुभवी बायकाच सांगायच्या, आणि तेच दूध बाळाला सगळ्यात गरजेचं असतं हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा थांबलं. आणि कारागिरांचे गटही दारं लावून घेतात. वस्ताद सगळे डाव शिकवतो, एक मागे ठेवतो, हे तालमीत सगळ्यांना माहीत असतं. ज्ञान जातीत ठेवायचं, घरात ठेवायचं, सुनेला सांगायचं मुलीला नाही कारण ती दुसऱ्या घरी जाणार, हे सगळं झालंय. पुस्तकात छापलेलं ज्ञान निदान कुणीही उघडून वाचू शकतं, हा त्याचा मोठेपणा मान्य करायलाच हवा.

नव्या माणसाला गट आत कसा घेतो हेही बघण्यासारखं आहे. जीन लेव्ह ह्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी पश्चिम आफ्रिकेत लायबेरियातल्या शिंप्यांचा अभ्यास केला. तिथे नवीन पोराला आधी कापायला देतच नाहीत, आधी इस्त्री, बटणं, हातशिलाई, मग मशीन, सगळ्यात शेवटी कापड कापणं. म्हणजे कपडा ज्या क्रमाने बनतो त्याच्या बरोबर उलटं. कारण बटण चुकलं तर परत लावता येतं, कापड चुकलं तर गेलं. आणि बटणं लावता लावता पोरगं पूर्ण झालेला कपडा शंभर वेळा हाताळतं, कुठे काय येतं ते बघतं. आपल्या टेलरकडेही हेच, पोऱ्या आधी काजं-बटणं करतो, कटिंग मास्टर व्हायला वर्षं जातात. लेव्ह आणि एतिएन वेंगर ह्यांनी १९९१ मध्ये ह्यावरून मांडलं की शिकणं म्हणजे डोक्यात माहिती भरणं कमी आणि एका गटात कडेकडेने शिरून त्यातला होत जाणं जास्त. मला हे वाचून एकदम पटलं, कारण मी त्या शॉपमध्ये इंजिनीअर कधी झाले तर डिप्लोमा मिळाला त्या दिवशी नाही, ज्या दिवशी मामा म्हणाले "मॅडम, हा आवाज ऐका बरं, काय वाटतं" त्या दिवशी.

आता बाहेरच्या गटाने किंमत कशी बदलता येते ह्याची पुण्यातलीच दोन उदाहरणं. पहिलं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्यांनी बांधलेली संघटना. कचरा वेचणारी ताई हातात घेताच सांगते हे प्लॅस्टिक कुठलं, ह्याला भाव आहे का, हे कुठल्या ढिगात, चुरगाळून, वाजवून, बघून. हे शहराला कधी ज्ञान वाटलंच नव्हतं, उलट चोर म्हणून हाकलायचे. संघटनेने ओळखपत्रं काढली आणि पुणे महापालिकेने त्यांना मान्यता दिली. कार्ड गळ्यात आलं म्हणून त्यांचं ज्ञान वाढलं नाही, ते होतं तेवढंच होतं. पण सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन आता विचारायच्या आधी कार्ड बघतो. पुढे त्यातूनच स्वच्छ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि दारोदार कचरा घेणं हे त्यांचं हक्काचं काम झालं.

दुसरं जात्यावरच्या ओव्यांचं. माझी आजी मुळशीकडची. ती दळताना म्हणायची आणि आम्ही त्याला आजीची गाणी म्हणायचो, कुणी लिहून घेतली नाहीत, घरात दळण गिरणीतून यायला लागलं आणि ती बंद झाली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ ह्या अभ्यासकांनी पुण्यात राहून आपल्या सहकाऱ्यांबरोबर गावोगाव बायकांकडे बसून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात शेती आहे, माहेर आहे, नवऱ्याचा मार आहे, सीता आहे, बाबासाहेब आहेत. आता अभ्यासक त्यावर लिहितात. माझ्या आजीचं ज्ञान दोन पिढ्या उशिरा ज्ञान ठरलं. मला त्याचा आनंद आहे आणि वाईटही वाटतं, कारण ती हे ऐकायला नाही.

सरकारनेही एक रस्ता काढलाय, कौशल्य विकास योजनेत. आधीच काम येत असलेल्या माणसाची परीक्षा घ्यायची, थोडं ट्रेनिंग द्यायचं आणि जे येतं त्याचं सर्टिफिकेट द्यायचं. मामांसारख्यांचं ज्ञान गेटबाहेर नेण्याचा हा प्रयत्न आहे आणि तो हवाच. पण कागद देणं अर्धं काम आहे. समोरच्या एचआरने तो कागद डिप्लोम्याशेजारी ठेवून वाचला पाहिजे, पगाराचा खण बदलला पाहिजे, तर त्याला किंमत. शिक्का मारणारा आणि शिक्का मानणारा हे दोन वेगळे लोक असतात, आणि सगळं दुसऱ्यावर अडतं.

माझ्या वर्गात मी एवढंच करते की वाकणाऱ्या दांड्याच्या धड्याला आधी बार हातात देते. पोरं तो चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, पकडतात, टोकाला बोटाने दाबतात, मग थोडा आत घेऊन परत दाबतात, आणि मग मी फळ्यावर घन लिहिते. त्याआधी लिहीत नाही.

हे मी मामांकडून शिकले. त्या रिपोर्टनंतर मला काही चैन पडेना, म्हणून मी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वही घेऊन त्यांच्याकडे गेले आणि लांबीच्या घनाचं सांगितलं, की तुम्ही बार आत ढकललात तेव्हा असं असं झालं, अर्धा आत घेतला तर आठपट ताठ होतो. मामा डबा बंद करून थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आणि जाडी वाढवली तर?"

हा प्रश्न माझ्या पेपरात कधी असा आला नव्हता. मी वहीत मांडून बघितलं आणि सांगितलं, जाडीचा चौथा घात येतो मामा, जाडी दुप्पट केली तर सोळापट. ते म्हणाले सोळा? मी म्हटलं सोळा. ते उठले, कपाटातला मोठा बार काढला, बुशच्या भोकात घालून बघितला आणि मान हलवली, "मॅडम, एवढा जाड घातला तर चिप कुठून निघणार? अडकून जॉब खरवडेल." मग त्याच्या खालचा घातला, फिरवला, बोट घालून मोकळी जागा बघितली, हा बसतोय म्हणाले. आणि कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने खडूने लिहिलं, लांबी ८, जाडी १६, आणि त्याखाली, चिपला जागा.